पेशकारांची खुर्ची

दिल्ली मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेवरील गुरुग्रामचे शेवटचे स्थानक पूर्वी ‘हुडा सिटी सेंटर’ या नावाने ओळखले जाई. आता ते ‘मिलेनियम सिटी सेंटर’ झाले आहे. तेथून मोठ्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर औषधांच्या दुकानांच्या पाट्या हिंदी-इंग्रजीबरोबर अरबीतही रंगवलेल्या दिसतात. उपचारासाठी येणारे इराकी, येमेनी, सुदानी नातेवाइकांसह महिना-महिना या भागातल्या विश्रामगृहांत मुक्काम करतात. नव्याने बदलून आलेल्या मराठी कुटुंबांना या पाट्यांचे नवल वाटते. आम्हा जुन्या रहिवाशांना त्यांची सवय झाली आहे.

2012 च्या हिवाळ्यात आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती, तेव्हा अशाच एका रुग्णालयाच्या बाहेरील चहाच्या टपरीवर एका इराकी गृहस्थांशी माझी ओळख झाली. वय साठीच्या आसपास, पत्नीच्या मणक्याच्या उपचारासाठी आलेले. बगदादमध्ये ते पाटबंधारे खात्यात लेखाधिकारी होते. मीही सरकारी नोकर आहे हे कळल्यावर त्यांनी आपला स्टूल जवळ ओढला. जगभरच्या सरकारी नोकरांची एक जात असते. वेतनश्रेणी आणि बढती यांवर बोलणे सुरू झाले की देश आपोआप मागे पडतो.

त्यांची नोकरी 2003 साली गेली. त्या वर्षी 16 मे रोजी बगदादमधील हंगामी प्रशासनाने आपला पहिला आदेश काढला. बाथ पक्षाच्या वरच्या चार पायऱ्यांवरील सर्वांना सरकारी सेवेतून काढून टाकावे. शिवाय मंत्रालयांच्या वरच्या तीन स्तरांत जो कोणी पक्षाचा पूर्ण सदस्य आढळेल त्यालाही काढावे, असा तो आदेश होता. हे गृहस्थ तिसऱ्या स्तरात होते. सदस्यत्व त्यांनी घेतले होते ते बढतीसाठी. त्याविना बढती मिळत नसे. सात दिवसांनी निघालेल्या दुसऱ्या आदेशाने सबंध सैन्य बरखास्त झाले. नोकरीबद्दल ते फारसे हळहळले नाहीत. त्यांना दुःख होते ते कागदांचे. एप्रिलमध्ये बगदाद पडल्यावर लुटारूंनी एकामागून एक मंत्रालये फोडली, जाळली. राष्ट्रीय संग्रहालयही लुटले गेले. तेल मंत्रालयाभोवती मात्र अमेरिकी रणगाडे उभे होते. यांच्या खात्यात कालव्यांच्या पातळीच्या जुन्या नोंदवह्या होत्या, त्या जळाल्या. ‘पाण्यावर कोणाचा किती हक्क, हे आता कोण सांगणार?’ असे ते म्हणाले. तलाठ्याचे दप्तर जळणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या वाक्यातील भय समजेल.

मग त्यांनी मला विचारले, ‘लोक म्हणतात, त्यांना लोकशाही आणायची होती. तुम्ही अर्थशास्त्र शिकलात. तुम्हाला काय वाटते?’

अर्थशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला पॉल सॅम्युएलसन यांचा 1938 सालचा एक सिद्धान्त होता. ग्राहकाच्या मनात काय आहे हे त्याला विचारत बसू नका. उपलब्ध पैशात तो बाजारात काय उचलतो ते पाहा, त्यातून त्याची पसंती प्रकट होते. सरकारी टिप्पण्या वाचायला मी पुढे याच रीतीने शिकलो. प्रत्येक टिप्पणीच्या पहिल्या परिच्छेदात ‘उद्देश’ असतो आणि तो नेहमी उदात्त असतो. मुरलेला अधिकारी आधी शेवटचे पान उलटतो: खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली, मुदत किती, देखरेख कोणाची. इराकच्या बाबतीत युद्धाआधीची भाषणे म्हणजे पहिला परिच्छेद होता. त्यातही आधी संहारक शस्त्रे होती; ती सापडेनात तेव्हा लोकशाही वर सरकली. शेवटच्या पानावर काय होते? सप्टेंबर 2003 मध्ये निघालेल्या 39 व्या आदेशाने तेल व अन्य खनिजांचे उत्खनन, बँका आणि विमा वगळता बहुतेक क्षेत्रांत परकीयांना शंभर टक्के मालकी खुली केली. निवडणुकीचा आदेश मात्र निघत नव्हता. राज्यघटना नेमलेल्या मंडळींकडून लिहवून घ्यावी, असा बेत होता. नजफचे वृद्ध धर्मगुरू आयतुल्ला सिस्तानी यांनी जून 2003 मध्ये फतवा काढला की घटना लिहिणारे लोकांनी निवडलेले असावेत. जानेवारी 2004 मध्ये बगदादच्या रस्त्यांवर प्रचंड जमाव ‘निवडणुका घ्या’ म्हणून उतरला. अखेर 30 जानेवारी 2005 ला मतदान झाले. लोकशाही देण्यासाठी आलेल्यांकडून एका धर्मगुरूने ती मागून घ्यावी, हा प्रकार मला फार बोलका वाटतो.

युद्ध केवळ तेलासाठी झाले, असे मी म्हणणार नाही. वॉशिंग्टनमध्ये मनापासून लोकशाहीवर विश्वास असणारी माणसे होती. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरची भीती होती. दरारा बसवण्याची इच्छा होती. इराकमधून परागंदा झालेल्या पुढाऱ्यांचा आग्रह होता. हेतू एकटा कधी नसतो. सबंध मंत्रिमंडळ एका प्रस्तावावर सही करते, तेव्हा प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते.

आपला, म्हणजे मराठी माणसाचा, त्या भूमीशी संबंध जुना आहे. नोव्हेंबर 1914 मध्ये शत्-अल्-अरबच्या मुखाशी फाव येथे जी फौज उतरली, ती सहाव्या पुणे डिव्हिजनची होती आणि तिच्या आरंभीच्या कामांत अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे रक्षण हे एक प्रमुख होते. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्या तेल कंपनीचे बहुसंख्य भाग खरेदी केले होते. 103 व 110 क्रमांकाच्या मराठा लाइट इन्फंट्री आणि 117 मराठा या पलटणी तिच्यात होत्या. कुत येथील वेढ्यात उपासमार सोसून 29 एप्रिल 1916 ला ही डिव्हिजन शरण गेली. पुढील वर्षी मार्चमध्ये जनरल मॉड यांनी बगदाद घेतले आणि जाहीरनामा काढला की आम्ही जेते म्हणून आलो नसून मुक्त करायला आलो आहोत. तीन वर्षांत इराकमध्ये उठाव झाला. तो मोडून 1921 साली फैसल यांना राजा केले, त्यासाठी सार्वमतही घेतले. पाठिंबा 96 टक्के नोंदवला गेला. सातारा-रत्नागिरीकडील गावांत ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले’ अशा संगमरवरी पाट्या अजून आहेत. त्या शिपायांना आपण कोणासाठी काय आणायला चाललो आहोत, हे कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

2003 साली हा योग पुन्हा येऊ घातला होता. अमेरिकेने भारताकडे सुमारे 17,000 सैनिकांची एक डिव्हिजन मागितली होती. मी तेव्हा दिल्लीत नवखा होतो. कचेरीच्या उपाहारगृहात रोज वाद चाले. पुनर्बांधणीची कंत्राटे मिळतील, मैत्री वाढेल, असे एक टोक. परक्याच्या लढाईत आपली पोरे कशाला, असे दुसरे. त्याआधी एप्रिलमध्ये लोकसभेने एकमताने ठराव केला होता. त्याच्या हिंदी मसुद्यात ‘निंदा’ हा शब्द होता, तर इंग्रजीत त्याहून सौम्य, केवळ खेद सुचवणारा शब्द. एकाच ठरावात घरच्यांसाठी एक तीव्रता आणि पाहुण्यांसाठी दुसरी! या कसबाचे श्रेय ज्या अनामिक अधिकाऱ्याचे असेल त्याला माझा नमस्कार. 14 जुलै 2003 रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने सैन्य पाठवता येणार नाही, असा निर्णय घेतला. वाजपेयी सरकारच्या अनेक निर्णयांविषयी मतभेद असू शकतील. या निर्णयाबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते.

एवढे सारे मी त्या इराकी गृहस्थांना अर्थातच सांगितले नाही. काही थोडे सांगितले आणि मग, खरे बोलायचे तर, जरा फुशारकीने म्हणालो की सैन्य पाठवून लोकशाही आणणे आम्हालाही ठाऊक आहे. पण आम्ही ते नीट केले. दोन उदाहरणे दिली.

पहिले गोव्याचे. 18 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्य शिरले आणि दीड दिवसात 451 वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. सुरक्षा परिषदेत पाश्चात्त्यांनी युद्धबंदीचा ठराव आणला, सोव्हिएत रशियाने तो नकाराधिकाराने पाडला. आपले हेतूही गंगाजलासारखे निर्मळ होते असे नाही. पुढच्या फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक होती आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते; टीकाकारांनी हे तेव्हाच बोट ठेवून दाखवले. आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींचे नेते नेहरूंना विचारत होते की आपल्या अंगणातली वसाहत आपण कधी मोकळी करणार. पण या साऱ्याआधी 15 ऑगस्ट 1955 चे सत्याग्रही होते, ज्यांच्यावर सरहद्दीवर गोळ्या चालल्या. आणि गोव्याच्या तुरुंगांत वर्षानुवर्षे राहिलेले गोमंतकीय होते. मागणी आतून आली होती.

त्यानंतरचे पान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ यांचा अंमल सहा महिन्यांत संपला. डिसेंबर 1963 मध्ये प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली आणि तीत ज्या पक्षाच्या सरकारने सैन्य पाठवले होते, त्या काँग्रेसला खुद्द गोव्यात एकही जागा मिळाली नाही. दमणची एक तेवढी मिळाली. दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पुढे 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याची कल्पना 34,021 मतांनी फेटाळली गेली. आम्हा मराठी मंडळींना ते झोंबले. काही घरांत अजून झोंबते. परंतु मुक्त करणाऱ्याचाच पक्ष पहिल्या निवडणुकीत हरावा आणि त्याने ते मुकाट्याने मान्य करावे, याहून हेतूचा चांगला पुरावा कुठल्या भाषणात सापडेल?

दुसरे उदाहरण माझ्या घरचे होते. आमचे गाव पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले, आता लातूरमध्ये मोडणारे. निजामाच्या राज्यातले. आजोबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, उर्दूत सुरेख लिहीत. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेस निघण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी तुरुंगात गेले. त्यांची मागणी जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकांना उत्तर देणाऱ्या सरकारची होती. 1947-48 मध्ये रझाकारांचा उच्छाद झाला. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी हा आमच्या लातूरचाच वकील. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा चारी बाजूंनी शिरल्या, 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. सरकारने या मोहिमेला ‘पोलीस कारवाई’ म्हटले; रणगाडे घेऊन गेलेल्या या पोलिसांचे आम्हाला लहानपणी मोठे कौतुक वाटे. मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले, ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी रद्द झाल्या, 1952 साली निवडणुका झाल्या. तेलंगणात ज्या कम्युनिस्टांशी सैन्य 1951 पर्यंत लढत होते, त्यांचे नेते रवी नारायण रेड्डी नलगोंड्यातून लोकसभेवर विक्रमी मतांनी निवडून आले. म्हणजे हीही परीक्षा आपण उत्तीर्ण झालो, असे मी म्हणालो. शेवटी अभिमानाने जोडले की आजोबा 1949 साली पेशकार झाले. तहसीलदारापुढे कागद मांडणारा तो पेशकार, असे त्यांना समजावून सांगितले.

त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘त्या खुर्चीवर आधी कोण बसत होते?’

मी म्हणालो, एक मुसलमान गृहस्थ होते. ‘मग?’ ‘ते गेले,’ मी म्हणालो. आमच्या घरात हेच वाक्य होते. पेशकारसाहेब गेले आणि आजोबांना जागा मिळाली. मराठीत ‘गेले’ या शब्दाने माणूस गाव सोडूनही जातो आणि जगही. मी तो इंग्रजीत सांगितला तेव्हा प्रथमच जाणवले, की त्यातला कोणता अर्थ आमच्या घरात अभिप्रेत होता हे मला ठाऊक नाही. इराकी गृहस्थ काही बोलले नाहीत. त्यांच्या बगदादच्या टेबलावरही 2003 नंतर कोणीतरी बसला असेल, आणि त्याच्या नातवंडांना ते कौतुकाने सांगितले जात असेल.

पंडित सुंदरलाल यांच्या समितीचा अहवाल मी 2014 मध्ये तीन मूर्ती येथील ग्रंथालयात वाचला. पंतप्रधान नेहरूंनी पाठवलेली ही समिती 1948 च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात हिंडली होती. तिच्या सदस्यांत काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो काही दशके अभ्यासकांपुरता राहिला आणि 2013 च्या सुमारास वृत्तपत्रांतून सर्वसामान्यांना कळला. पोलीस कारवाईच्या वेळी व तिच्यानंतर 27,000 ते 40,000 माणसे मारली गेली असावीत, असा समितीचा अंदाज आहे. बहुतेक मुसलमान. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड हे कारण त्यात आहे, लूट हेही आहे. काही ठिकाणी सैनिक व पोलीस यांनीही भाग घेतल्याचा उल्लेख आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड, बिदर, गुलबर्गा यांच्याबरोबर उस्मानाबादचे नाव आहे. ते पान वाचून मी वाचनालयाच्या बाहेर येऊन बराच वेळ झाडाखाली बसलो होतो.

निजामाच्या राज्यात परतावे, असे मला त्यानंतरही कधी वाटले नाही. सैन्य जायलाच हवे होते, ही माझी समजूत पक्की आहे. रझाकारांनी मारलेल्यांचीही घरे आमच्याच गल्लीत होती. मात्र ज्या कसोटीने मी अमेरिकेला मापले होते, तीच घरी लावली तर हिशेब तितका सरळ राहत नाही. निवडणूक आली आणि सत्ता लोकांकडे गेली, हे जमेच्या बाजूला. मरणाऱ्यांची मोजदाद करून घेतली आणि तो कागद मिटून ठेवला, हे नावेच्या बाजूला. हैदराबादचे सैन्य आपणही मोडले. वरच्या जागांवर मुंबई, मद्रास व मध्य प्रांतातून अधिकारी आणून बसवले. 1952 साली त्यावरून ‘मुल्की’ आंदोलन पेटून हैदराबादेत गोळीबार झाला. बगदादच्या पहिल्या दोन आदेशांवर मी जी टीका करतो, तिचा काही अंश इथेही लागू पडतो. आपण सुटलो याचे कारण, मला वाटते, खालची घडी टिकली. गावचे पाटील-पटवारी जागेवर राहिले, दप्तरे जळली नाहीत, निजामालाही 1956 पर्यंत राजप्रमुख म्हणून ठेवले. जपानमध्ये 1945 नंतर मॅकआर्थर यांनीही तेथील नोकरशाहीच्याच हातून राज्य चालवले होते. जर्मनी-जपानचे दाखले देऊन बगदादला निघालेल्यांनी एवढे तपशील वाचले असते तर बरे झाले असते.

अफगाणिस्तानची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत आपल्या खात्यांचा हात आहे. काबूलचे संसदभवन भारताने बांधून दिले, केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या देखरेखीखाली. 25 डिसेंबर 2015 ला त्याचे उद्‌घाटन झाले. 15 ऑगस्ट 2021 नंतर त्यात संसद भरलेली नाही. आम्हा अधिकाऱ्यांच्या भाषेत काम पूर्णत्वाचा दाखला देऊन कधीच हस्तांतरित झाले होते.

त्या इराकी गृहस्थांशी काही काळ ईमेल चालू होता. 2014 च्या जूनमध्ये मोसुल पडले, त्यानंतर उत्तर आले नाही. अहवालाविषयी त्यांना लिहायचे राहून गेले. ‘तुमचा प्रश्न योग्य होता’ एवढेच लिहायचे होते.

गेल्या सप्टेंबरच्या 17 तारखेला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, लातूरला आत्याला फोन केला. ती आता पंच्याऐंशीची आहे. पोलीस कारवाईच्या वेळी आठ वर्षांची होती. इकडचे-तिकडचे बोलून झाल्यावर विचारले, ‘आत्या, आजोबांच्या आधीचे पेशकारसाहेब गेले, असं सगळे म्हणायचे. गेले म्हणजे कुठे गेले?’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मला वाटले फोन कटला.

‘तुला कशाला पायजे रे आता ते,’ ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, ‘त्यांची पोरगी माझ्याच बरोबरीची होती. तिची सागरगोट्यांची पिशवी आपल्याकडंच राहिली. लई दिवस होती घरात. मी काय खेळले नाही त्याच्यानं.’

नंतर तिने आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि तुमच्या तिकडे पाऊस थांबला का, असे विचारले.